अर्थ पाठ असूनही वाक्य का फसतं

अनेकांना वाटतं की इंग्रजी वाक्प्रचारांची यादी करून अर्थ पाठ केले की काम झालं. वाचण्यापुरतं ठीक, बोलताना फसगत होते, कारण सगळेच वाक्प्रचार सारखे वाकत नाहीत. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. यात 'स्पिल' म्हणजे फोडणं, 'बीन्स' म्हणजे गुपित अशी सरळ वाटणी होते, म्हणून 'द बीन्स वेअर स्पिल्ड' हे कर्मणी रूप चालतं. 'ब्रेक द आइस' (अवघडलेपणा घालवणं), 'पुल स्ट्रिंग्ज' (वशिला लावणं) यांचंही तसंच. 'किक द बकेट'मध्ये (म्हणजे मरणं) बकेटला वेगळा अर्थच नाही. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की खरोखर बादलीला लाथ बसते. शेवटच्या घटका मोजणाऱ्याबद्दल 'ही इज डाइंग' म्हणतात, 'ही इज किकिंग द बकेट' सहसा कुणी म्हणत नाही. (सांत्वनाच्या पत्रात तर हा नकोच, तो आपल्या 'गचकला'च्या जातीचा आहे.)

कामाच्या ठिकाणी 'टेबल' मात्र जपून वापरा. ब्रिटिश बैठकीत विषय 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला, अमेरिकन बैठकीत म्हणजे लांबणीवर टाकला. दोन्हीकडची माणसं असतील तर सरळ 'डिस्कस' किंवा 'पोस्टपोन' म्हणावं.