लिनक्सवर जुने डॉस व विंडोज ९५ चे खेळ: सगळे वाइनमधूनच चालवावेत का?

गंजकी फ्लॉपी (प्रश्न)

गेल्या महिन्यात मी संगणकावरील विंडोज पूर्णपणे काढून टाकून लिनक्स मिंट बसवले. रोजचे काम विनातक्रार चालू आहे. अडले आहे ते जुन्या खेळांपाशी. माझ्याकडे ‘विंग कमांडर’ (१९९०), ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ची सीडीवर आलेली आवृत्ती, ‘डूम’ (१९९३) आणि ‘रेड अलर्ट’ची (१९९६) विंडोज ९५ साठीची आवृत्ती असे चार खेळ आहेत.

विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा तर वाइन वापरतात, एवढेच ठाऊक असल्यामुळे मी चारही खेळ वाइनच्या हवाली केले. पहिल्या तिघांसाठी वाइनने डॉसबॉक्सची मागणी केली, म्हणून तेही बसवले. डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’चे सेटिंग कमाल ठेवावे असे कुठेतरी वाचले होते, तसे केले. आता ‘विंग कमांडर’ एवढा सुसाट धावतो की शत्रूचे यान नजरेस पडेपर्यंत माझे यान फुटलेले असते. ‘मंकी आयलंड’च्या सीडीची मी पूर्वीच आयएसओ प्रतिमा (एका फाइलमधली प्रत) करून ठेवली होती, तिच्यावरून खेळ सुरू होतो, संवाद दिसतात, पण संगीताचा पत्ता नाही. ‘डूम’ चालतो, मात्र त्यातली माणसे बुटकी आणि पसरट दिसतात. ‘रेड अलर्ट’चे मला कोडेच वाटते: ज्या इन्स्टॉलरने ६४ बिटी विंडोजवर उघडण्यासही नकार दिला होता, तो येथे निमूटपणे पूर्ण झाला, पण खेळ सुरू केल्यावर पडदा काळा होतो आणि बाहेर पडावे तर सगळा डेस्कटॉप ६४० बाय ४८० मध्ये अडकून राहतो.

या सगळ्यापेक्षा आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) विंडोज ९८ बसवून चारही खेळ तेथेच खेळणे सोपे पडेल का?

टर्बो बटण

आभासी यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपले चार खेळ दिसायला एकाच पिढीतले असले, तरी ते ज्यांच्याशी बोलत होते ते घटक निरनिराळे होते, आणि उपायही त्यावरूनच ठरतो. डॉसचा खेळ थेट प्रोसेसर, चित्रांसाठीचे व्हीजीए आणि आवाजाचे साउंड ब्लास्टर कार्ड यांच्याशी बोलत असे, त्यामुळे त्याच्यासाठी ते सारे यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे करावे लागते. डॉसबॉक्स २००२ पासून नेमके हेच काम करत आहे. विंडोजचा खेळ मात्र विंडोजकडे मागण्या करतो, आणि वाइन त्या मागण्यांना लिनक्सच्या बाजूने उत्तरे देते. प्रोसेसरची नक्कल तेथे मुळीच होत नाही. आपण डॉसचे खेळ वाइनला दिलेत तेव्हा तिने ते स्वतः न चालवता डॉसबॉक्सकडे सोपवले, एवढेच घडले. त्यामुळे मधला मध्यस्थ काढून टाकून थेट डॉसबॉक्स वापरणे बरे, म्हणजे सेटिंग नेमके कोठे बदलायचे याचा गोंधळ होणार नाही.

‘विंग कमांडर’चा दोष त्या कमाल सायकल्सच्या सल्ल्यात आहे. हा खेळ वेळ मोजून चालत नाही. प्रोसेसर जेवढा वेगवान, तेवढा तो धावतो. (त्या काळच्या संगणकांवर वेग कमी करण्यासाठी टर्बो नावाचे बटण असे, आणि ते अशाच प्रोग्रामांसाठी असे. माझ्या टोपणनावाचा उगमही तोच.) डॉसबॉक्समध्ये सायकल्स म्हणजे दर मिलिसेकंदाला किती सूचना पार पाडायच्या तो आकडा. मूळ सेटिंग ‘ऑटो’ असते, म्हणजे रिअल मोडच्या (प्रोसेसरच्या जुन्या, साध्या पद्धतीने चालणाऱ्या) खेळांना ३००० आणि ‘डूम’सारख्या प्रोटेक्टेड मोडच्या (नंतरच्या पद्धतीच्या) खेळांना जमेल तेवढे. ‘विंग कमांडर’ला ३००० च्या आसपास निश्चित आकडा द्यावा आणि खेळत असतानाच कंट्रोल व एफ११ दाबून तो कमी किंवा कंट्रोल व एफ१२ दाबून जास्त करत, यान हाताळण्याजोगे होईल तेथे थांबावे. प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल ठेवावी. सर्व खेळांना एकच सेटिंग लावण्याचा मोह मलाही झाला होता, आणि त्यात माझे दोन रविवार वाया गेले.

‘मंकी आयलंड’साठी डॉसबॉक्सही नको. हा खेळ लुकासआर्ट्सच्या स्कम या इंजिनावर बनलेला आहे, आणि २००१ पासून विकसित होत असलेले स्कमव्हीएम ते इंजिन नव्याने लिहून मूळ खेळाच्या फक्त डेटा फायली वाचते. चित्रे, संवाद, कोडी हे सारे त्या फायलींतच असल्यामुळे मूळ डॉस प्रोग्रामची गरजच उरत नाही, आणि वेगाचा प्रश्नही उद्भवत नाही. संगीत मात्र तेथेही आपोआप येणार नाही. या आवृत्तीचे संगीत कोणत्याही फाइलमध्ये नसून, गाण्यांच्या सीडीवर असतात तशा ध्वनिट्रॅकांच्या रूपात सीडीवर वेगळे नोंदलेले आहे. आयएसओ प्रतिमेत फक्त डेटाचा ट्रॅक उतरतो, म्हणजे आपले संगीत ती प्रतिमा करण्याच्या दिवशीच गळाले. मूळ तबकडी अजून वाचता येत असेल तर तिचे ध्वनिट्रॅक फ्लॅक किंवा ऑग स्वरूपात उतरवावेत, त्यांना स्कमव्हीएमच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे क्रमवार नावे द्यावीत आणि खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. यापुढे कोणत्याही जुन्या खेळाची प्रतिमा करताना क्यू आणि बिन अशी दोन फायलींची जोडीच करावी. तिच्यात सगळे ट्रॅक येतात आणि डॉसबॉक्सही ती सीडी म्हणून जोडू शकते.

निळा पडदा

‘रेड अलर्ट’बद्दल लिहितो. इन्स्टॉलर येथे चालला यात नवल नाही. त्या काळच्या अनेक खेळांमध्ये खेळ ३२ बिटी, पण इन्स्टॉलर १६ बिटी असे. ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी प्रोग्राम चालवण्याची सोयच नाही. वाइनमध्ये ती टिकून आहे. स्वतःच्या घरातून हाकलून दिलेल्या प्रोग्रामाला परक्या घरात आसरा मिळावा, हा प्रकार मला अजूनही गमतीचा वाटतो.

काळ्या पडद्याचे मूळ बहुतेक वेळा डायरेक्टड्रॉमध्ये, म्हणजे खेळांची चित्रे पडद्यावर काढणाऱ्या विंडोजच्या घटकात, असते. हे खेळ २५६ रंगांचा पट गृहीत धरतात आणि सगळा पडदा ६४० बाय ४८० वर नेण्याची मागणी करतात. प्रथम या खेळासाठी वाइनचा वेगळा प्रीफिक्स (तिच्या सेटिंग व फायलींचा स्वतंत्र फोल्डर) तयार करावा, म्हणजे येथे केलेले प्रयोग दुसऱ्या प्रोग्रामांना बाधणार नाहीत. मग वाइनच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ चालू करावा. खेळाला हवा तसा पडदा एका खिडकीत मिळतो आणि आपला डेस्कटॉप जागच्या जागी राहतो. एवढ्याने अडकून राहण्याची तक्रार निश्चित मिटेल. चित्र तरीही आले नाही, तर सीएनसी-डीड्रॉ नावाची डायरेक्टड्रॉची पर्यायी लायब्ररी खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवून, वाइनने आपली अंगभूत लायब्ररी न वापरता हीच वापरावी असे ‘लायब्ररीज’ या भागात नोंदवावे. ही दुसरी पायरी अनेकजण विसरतात, आणि मग फाइल ठेवूनही काहीच बदलले नाही म्हणून हताश होतात.

आभासी यंत्राविषयी: व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्राच्या प्रोग्राममध्ये विंडोज ९८ साठी अधिकृत ग्राफिक्स ड्रायव्हर नाहीत. साधे द्विमितीय खेळ तेथे कसेबसे चालतील, पण थ्रीडी कार्ड मागणाऱ्या खेळांना ते उपयोगाचे नाही. ८६बॉक्स त्याहून वेगळे आहे. ते पेंटियमच्या काळातला संपूर्ण संगणक, वूडू या थ्रीडी कार्डासकट, एकेका भागानिशी उभा करते. मूळ यंत्राशी हुबेहूब असण्यात त्याला तोड नाही, पण त्यासाठी आजचा चांगला वेगवान प्रोसेसर लागतो आणि विंडोज ९८ चे ड्रायव्हर पुन्हा एकदा शोधत बसावे लागतात. चार खेळांसाठी एवढा संसार मांडू नये असे मला वाटते.

संग्रहात पुढे भर पडणार असेल तर एक बाब लक्षात असू द्यावी. २००० च्या आगेमागे आलेल्या काही सीडींवर नक्कल रोखणारे सेफडिस्कसारखे संरक्षण आहे. ते विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरवर विसंबून होते, आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टनेच तो ड्रायव्हर वगळला. अशी तबकडी लिनक्सवर चालली नाही तर लिनक्सला बोल लावू नये. प्रकाशकाने सीडीची तपासणी काढून टाकणारी सुधारणा दिली असेल तर ती लावावी, अथवा संरक्षणाविना विकली जाणारी नवी प्रत घ्यावी. जुने खेळ विकणाऱ्या जीओजी या संकेतस्थळावरून घेतलेले बहुतेक इन्स्टॉलर इनोएक्स्ट्रॅक्ट हे साधन वापरून वाइनशिवायही उलगडता येतात, आणि आतील डेटा फायली डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएमला तशाच देता येतात.

सी प्रॉम्प्ट

‘डूम’ राहिलाच. माणसे बुटकी दिसण्याचे कारण असे की, हा खेळ ३२० बाय २०० मध्ये चित्र काढत असे, पण ते चार-तीन प्रमाणाच्या मॉनिटरवर पसरत असल्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला सुमारे १.२ पट असे. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस असतात, म्हणून चित्र दबते. डॉसबॉक्सच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ हे सेटिंग चालू केल्यास माणसे पुन्हा उंच होतील. स्कमव्हीएममध्येही अशीच सोय आहे आणि ‘मंकी आयलंड’लाही ती हवी.

पण ‘डूम’ला डॉसबॉक्सची गरज कशाला? आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्येच खुला केला, आणि तोही लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस आवृत्तीतील आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. जुन्या चुका आणि जाडेभरडे ठिपके यांसह जसाच्या तसा खेळ हवा असेल तर चॉकलेट डूम, मोठा पडदा आणि नव्या सोयी हव्या असतील तर जीझेडडूम घ्यावे. दोन्हींना आपल्या प्रतीतील वॅड फाइल (खेळाचा डेटा असलेली) दाखवली की काम झाले.

‘रेड अलर्ट’लाही वाइनशिवाय मार्ग आहे. प्रकाशकाने तो २००८ मध्ये मोफत केला आणि २०२० मध्ये त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला. या खेळाचे स्वतंत्रपणे नव्याने लिहिलेले रूप म्हणजे ओपनआरए. ते लिनक्सवर सहज बसते, खेळायलाही उत्तम आहे.

निळा पडदा

ओपनआरए उत्तम आहे हे मान्य, पण तो ‘रेड अलर्ट’ नव्हे. त्याच्या कर्त्यांनी नियम आणि तुकड्यांचे बलाबल जाणूनबुजून बदलले आहे. प्रश्नकर्त्यांना आठवणीतला खेळ हवा असेल तर त्याच २०२० च्या कोडपासून तयार झालेले व्हॅनिला कॉन्कर पाहावे. ते लिनक्सवर थेट चालते आणि नियमांना हात लावत नाही.

गंजकी फ्लॉपी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘विंग कमांडर’ ३४०० सायकल्सवर स्थिरावला असून, आता मी कौशल्याच्या अभावी हरतो, वेगामुळे नाही. चॉकलेट डूम दहा मिनिटांत चालू झाले. व्हर्च्युअल डेस्कटॉप आणि सीएनसी-डीड्रॉ या दोन्ही गोष्टी केल्यावर ‘रेड अलर्ट’ वाइनमध्ये दिसू लागला. तरीही व्हॅनिला कॉन्करही बसवून पाहणार आहे. तेथे एका ठिकाणी डेटा फाइल सापडत नसल्याची तक्रार आली, ती का हे समजले नाही.

टर्बो बटण

फाइलचे नाव पाहावे. लिनक्समध्ये मोठ्या आणि लहान अक्षरांतील नावे भिन्न समजली जातात, डॉस व विंडोजमध्ये तसे नव्हते. सीडीवरून उतरलेली नावे बहुधा सगळी मोठ्या अक्षरांत असतात आणि नवे इंजिन लहान अक्षरांतील नाव शोधत असते. नावे बदलून पाहावे. ‘मंकी आयलंड’च्या तबकडीचे काय झाले?

गंजकी फ्लॉपी

नावेच कारणीभूत होती. बदलताच फाइल सापडली. तबकडीवर ओरखडे आहेत, पण शेवटचा एक ट्रॅक वगळता सर्व संगीत उतरले.