आधी केबल बघा, मग डिस्कला दोष द्या

बाहेरून जोडायच्या यूएसबी ३.० हार्ड डिस्कवर फायली कॉपी करताना वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जातच नाही, आणि फोटोंच्या फोल्डरला तर आणखी पडतो म्हणताय, तर डिस्क फॉरमॅट करायची घाई नको. हा आकडा सरळ जुन्या, हळू यूएसबी २.० चा आहे: कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. म्हणजे डिस्क ३.० ची असली तरी जोडणी कुठेतरी २.० वर उतरलीये. मी दोन दिवस ड्रायव्हर उलटसुलट केले आणि शेवटी निघालं काय, तर डिस्कच्या बाजूची ती चपटी, रुंद पिन अर्धवट बसलेली! त्या पिनला दोन भाग असतात. त्यातला मायक्रो यूएसबीसारखा भाग नुसता टेकला तरी डिस्क दिसते, म्हणून शंकाच येत नाही. केबल बदलून बघा, मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) असेल तर तो काढा.

फोटोंच्या फोल्डरला वेग २-३ एमबीवर येतो, ते दुखणं वेगळं. हजारो बारक्या फायली म्हणजे प्रत्येकीची नोंद आणि डिस्कवर लिहिणाऱ्या हेडची पळापळ. कॉम्प्रेशन न लावता एकच झिप करून टाका, फरक लगेच दिसेल.

विंडोजमध्ये डिस्कसाठी 'बेटर परफॉर्मन्स' ही सेटिंग लावायचं काही जण सुचवतात, त्याने थोडा फायदा होतो. पण मग 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढायची सवय सोडावी लागेल, नाहीतर डेटा जाईल.

आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे भाग, शून्याच्या वर दिसले, तर वेगाचं सोडा. आधी त्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलवा.