नऊ दिवसांत साडेचार किलो: चरबी गेली की पाणी?

तिरकस
काल ‘नवा मी’ यांची पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात भुंगा राहिला. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोळी, भात, साखर पूर्ण बंद. दोन वेळा मोडाचे मूग, पनीर, अंडी, काकडी. नऊ दिवसांत वजन 86 वरून 81.5. त्यावर शेरा असा की ‘चरबी अक्षरशः वितळतेय, ज्यांना जमत नाही त्यांच्यात इच्छाशक्तीच नाही’. खाली अंगठ्यांचा पाऊस.

साहेब, अभिनंदन. पण हिशेब करू या. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ 7700 कॅलरी. साडेचार किलोंच्या झाल्या 34,650. नऊ दिवसांत भागा, रोजची तूट येते 3850. खुर्चीत बसून काम करणाऱ्या 86 किलोच्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्च 2400च्या आसपास. म्हणजे नऊ दिवस फक्त पाण्यावर कडकडीत उपास केला असता तरी तीन किलो चरबी गेली नसती. तुम्ही तर पनीर खात होतात! बाराशे कॅलरी पोटात गेल्या असं धरलं तर चरबी गेली दीड किलोच्या आत. उरलेले तीन किलो काय होतं?

पाणी. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची साठवणीची साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद केला की आधी हा साठा उपसला जातो, पाण्यासकट. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, मिठामागून आणखी पाणी. पापड, लोणचं, फरसाण बंद झालं ते वेगळं. आतड्यातला मालही कमी. पहिल्या आठवड्यात रात्री तीनदा उठावं लागलं असेल, आठवून पाहा.

यात वाईट काहीच नाही. राग आला तो इच्छाशक्तीच्या वाक्याचा. आमच्या ऑफिसातल्या एकीने हाच प्रकार केला. पहिल्या आठवड्यात काटा धडाधड खाली, तिसऱ्या आठवड्यात ठप्प. खरं तर चरबी तेव्हा बऱ्या वेगाने जात होती. पण तिला वाटलं आपल्यातच खोट आहे, आणि सोडून दिलं. लग्नाच्या एका पंगतीत दीड किलो परत. हेही पाणीच, पण तिला कोण सांगणार? तुमच्यासारखे लोक फक्त पहिल्या आठवड्याचा फोटो टाकतात.

सडाफटिंग
कै च्या कै. पाणी तर पाणी, गेलं ना? शर्टाचं पोटावरचं बटण लागायला लागलं की माणूस दुसऱ्या दिवशी चालायला उठतो. तुमचं ते ‘महिन्याला दोन किलो, सावकाश, शास्त्रशुद्ध’ ऐकून आजवर कोण उठलंय? मी दरवर्षी मे महिन्यात असंच उतरवतो.

शंखपुष्पी
दरवर्षी उतरवता म्हणजे दरवर्षी चढवताही. हलके घ्या 😄

लेस्टरकर
तिरकस, पाण्याचा हिशेब मान्य. पण त्यातून ‘झटपट वाईट, सावकाश चांगलं’ असा निष्कर्ष काढत असाल तर थांबा. ऑस्ट्रेलियात 200 लठ्ठ माणसांचे दोन गट केले होते, निष्कर्ष 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या मधुमेहाच्या पत्रिकेत आले. एका गटाने 12 आठवड्यांत वजन उतरवायचं, दुसऱ्याने 36 आठवड्यांत. साडेबारा टक्के वजन उतरवणं हे लक्ष्य. झटपटवाले 81 टक्के लोक तिथे पोचले, सावकाशवाले 50 टक्के. पुढे जवळपास तीन वर्षांत दोन्ही गटांनी उतरवलेल्यापैकी सुमारे 71 टक्के परत कमावलं. सारखंच! झटपट उतरलेलं लवकर परत येतं ही आजीबाईची समजूत आहे.

मी स्वतः इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारी आरोग्यसेवेच्या योजनेत तीन महिने सूप आणि शेकवर काढले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. ती योजना ज्यावर उभी आहे त्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत रोज 825 ते 853 कॅलरी देत होते; वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती. पहिल्या आठवड्यातली ती धप्पकन घसरण नसती तर मी त्या व्हॅनिला शेकवर चौथा दिवस काढला नसता, खरं सांगतो.

तिरकस
मी ‘झटपट वाईट’ कुठे म्हटलं? ओळ दाखवा. मी म्हटलं पहिल्या आठवड्याचा आकडा चरबीचा नाही. त्याच्या जोरावर दुसऱ्याला नालायक ठरवू नका, एवढंच. आणि तुमच्या चाचणीत गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, मागे नर्स आणि आहारतज्ज्ञ होते. इथे व्हॉट्सॲपवर तक्ता येतो आणि माणूस सोमवारी सुरू करतो.

तालीमवाला
पाणी म्हणजे काय ते पैलवानाला विचारा. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रात्रभरात, दहाएक तासांत, 4.6 किलो उतरवले. नवा मींनी नऊ दिवस घेतले 😂 आमच्या तालमीतली पोरंबी वजन द्यायच्या आदल्या दिवशी स्वेटरवर स्वेटर घालून पळतात, थुंकी सुद्धा गिळत नाहीत. वजन दिलं की तासाभरात दोन-तीन किलो परत. कुणी म्हणत नाही चरबी वितळली. तिथेच विनेश फोगाटचे जादाचे 100 ग्रॅम रात्रभर झटूनबी हटले नाहीत, तिच्यात काय इच्छाशक्ती नव्हती काय? बोला.

हेमा_मिरज
सगळे कॅलरी मोजताय, एक गोष्ट कुणी मोजली नाही. हे मोडाचे मूग येतात कुठून?

आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी असाच आहार धरला. सकाळी ह्यांचे मूग आणि उकडलेली अंडी. सासूबाईंना अंड्याचा वास चालत नाही, म्हणून ते भांडं वेगळं, गॅसच्या मागच्या शेगडीवर. मुलांना डब्याला पोळी-भाजी. सासूबाईंचा मऊ भात-वरण. रात्री ह्यांना सातच्या आत जेवायचं, मुलं येणार क्लासहून साडेआठला. ओटा दिवसभर ओलाच. ह्यांचं वजन उतरलं, सोसायटीत सत्कार व्हायचा बाकी होता. मी उरलेलं संपवून संपवून दोन किलो वाढले. माझे मात्र पाण्याचे नव्हते.

शंखपुष्पी
हेमाताई, +१०००. प्रत्येक ‘माझा वजनप्रवास’ लेखात एक ‘घरच्यांची साथ लाभली’ असं वाक्य असतं. ती साथ ओट्यापाशी उभी असते.

सडाफटिंग
झालं, धागा हायजॅक. विषय काय, चाललंय काय. मूग भिजवायला काय डोंगर उचलायचा असतो? आणि आजकाल बऱ्याच घरांत स्वयंपाकाला मावशी असतात.

हेमा_मिरज
मावशी! म्हणजे बायको नाही तर दुसरी बाई. तुमच्या डोक्यात तिसरा पर्याय येतच नाही का? आणि मावशींना ‘आजपासून पोळ्या चारच, भाजीत तेल अर्धा चमचा, साहेबांना वेगळं’ हे सांगायला कोण जातं? पगार तेवढाच.

सडाफटिंग
मी एकटा राहतो, स्वतः करून खातो. माझ्यावर का तोफ?

हेमा_मिरज
मग ‘काय डोंगर’ म्हणायच्या आधी पाच जणांचं एक दिवस करून बघा.

अण्णा दौंडकर
मला एक सांगा, भाकरीने काय घोडं मारलंय? आमच्या वडिलांनी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, नांगर धरला, पोट कधी सुटलं नाही. आता शहरातले लोक घरी भाकरी बंद करतात आणि हॉटेलात ‘मिलेट थाळी’ म्हणून तीच पाचशे रुपयांत खातात. शेतकऱ्याला मिळतं काय?

तिरकस
अण्णा, नांगर धरला हे तुम्हीच म्हणालात. आपण माउस धरतो. ज्वारीतही पिष्टच असतं, दोन ऐवजी पाच भाकऱ्या खाल्ल्या तर ती काय दया करणार नाही. असो, भावाचा मुद्दा बरोबर आहे, पण वेगळा धागा काढा.

शंखपुष्पी
मला मूळ विषयावर बोलायचंय, कारण माझं वेगळंच झालं. लग्नाआधी असाच आहार, जेमतेम सातआठशे कॅलरी. साखरपुड्याचे फोटो झकास. तीन महिन्यांनी केस गळायला लागले. बाथरूमच्या जाळीवर रोज मूठभर पुंजका, उशीवर वेगळे. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दोन-तीन महिन्यांपूर्वी वजन उतरवलं होतंत का?’ मला दोन्हीचा संबंधच लागला नव्हता. शाम्पू बदलत बसले होते. नंतर आले परत, पण हळदीला अंबाड्यात गंगावन होतं.

आणि पुरुषांनी पाण्याचा हिशेब समजून घ्यावा असं आणखी एक कारण: पाळीच्या आधी आमचा काटा एक-दीड किलो वर जातो. तेव्हा ‘काल चोरून काय खाल्लंस’ हे ऐकावं लागतं. त्या आठवड्यात मी काट्यावर उभीच राहत नाही.

लेस्टरकर
केसांचं खरं आहे. पित्ताशयात खडेही होतात, आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण पुरेशी प्रथिनं आणि देखरेख असली की हे धोके सांभाळता येतात. तेवढ्याने पद्धत वाईट ठरत नाही.

तिरकस
देखरेख नसणं हीच इथली पद्धत आहे, लेस्टरकर! वीस वेळा तेच सांगतोय.

पडवीतला
पहिल्यांदाच लिहितोय. वडील 71 वर्षांचे, मधुमेहाला ग्लिमेपिराइडची गोळी, रक्तदाबाची एक. शेजाऱ्यांनी दिलेला तक्ता पाहून त्यांनी भात-पोळी बंद केली, गोळ्या तशाच चालू. काटा खाली येतोय म्हणून रोज कौतुकाने वहीत लिहायचे. एका पहाटे आईने हाक मारली. बनियन घामाने चिंब, बोलणं अडखळत होतं, मला ओळखलं पण माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. यंत्रावर साखर 48. साखरेचं पाणी पाजलं, वीसेक मिनिटांत माणसात आले. डॉक्टर आम्हालाच रागावले. खाणं अर्धं केलं तर गोळीचं काय, हे विचारायला हवं होतं म्हणाले. रक्तदाबाचीही कमी केली, कारण उठताना चक्कर येत होती. तक्त्यात कुठेही यातलं एक अक्षर नव्हतं.

तिरकस
धन्यवाद, हे लिहिलंत ते बरं झालं. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकदम पिष्ट तोडलं तर रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, यंत्रावर साखर फारशी वाढलेली न दिसता. मळमळ, उलटी, धाप लागली तर ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणत घरी बसू नका.

सडाफटिंग
बरं बाबा, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावं, मान्य. धडधाकट माणसाने काय घाबरायचं? सगळ्यालाच तुमचं ‘पण’.

लेस्टरकर
मीही एवढं मान्य करतो की पहिल्या आठवड्याचं वजन वेगळं लिहावं. आमची नर्स दुसऱ्या आठवड्यापासूनच खरी मोजणी धरायची. (तिरकस, लगेच विजयपताका फडकवू नका.)

तिरकस
पताका काढून इस्त्री करून ठेवली आहे.

नवा मी
माझं नाव घेऊन माझीच जाहीर धुलाई चाललीय, आणि मला कळवलं कुणी तर शेजारच्या बिऱ्हाडाने. उत्तम.

एक: 4.5 किलो काट्यावर दिसले, मी खोटं बोललो नाही. दोन: पुढच्या तीन आठवड्यांत सव्वा किलो उतरलं. हा आकडा मी टाकला नाही कारण तुमच्यासारखे लोक टपलेले असतात. पँटचा पट्टा मात्र एक भोक आत आला, आणि तो पहिल्या आठवड्यात नव्हे, आत्ता आला. याचा अर्थ काय लावायचा तो लावा. तीन: इच्छाशक्तीचं वाक्य जरा जोरात झालं असेल. माफी वगैरे मागणार नाही, कारण मी महिनाभर जिलेबीला हात लावलेला नाही आणि इथले निम्मे लोक हे वाचताना काहीतरी चघळत असणार.

चार: बायकोने हा धागा माझ्या आधी वाचला. हेमाताईंचा प्रतिसाद तिने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला, आई समोर असताना. आजपासून मूग मी भिजवणार असं ठरलंय. हा पराभव नाही, तह आहे.

हेमा_मिरज
भिजवून झालं नाही हो. आठ तासांनी उपसायचे, फडक्यात घट्ट बांधायचे, आणि ते चिकट फडकं दुसऱ्या दिवशी धुऊन वाळत घालायचं. तिथवर करणार असाल तर तह.

नवा मी
फडकं कुठे असतं?