मदत हवी आहे: रॉ फोटोंचे प्रिंट काळपट आणि गुलाबी येताहेत

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढतो. एडिटिंग लाइटरूममध्ये, थोडं काम फोटोशॉपमध्ये, प्रिंट घरच्या सहा शाईंच्या इंकजेटवर, लस्टर (अर्धचकचकीत) कागदावर. स्क्रीनवर सगळं ठीक असतं. प्रिंटमध्ये मात्र फोटो काळवंडतो, सावलीतल्या केसांचा नुसता काळा गोळा होतो. राखाडी भिंत गुलाबी दिसते आणि गर्द निळं कापड जांभळट. एक्स्पोजर वाढवून, मॅजेंटा कमी करून पाहिलं, पण एका फोटोला जमलेलं दुसऱ्याला बिघडवतं. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी (एक कलर स्पेस, म्हणजे रंगांची ठरलेली व्याप्ती) निवडलेलं आहे, मॉनिटरचा ब्राइटनेस ८५ टक्के, कॅलिब्रेशन (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणं) केलेलं नाही. नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

फाइलला हात लावणं आधी थांबवा. तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

गुलाबी छटा: हे बहुतेक दोनदा झालेलं कलर मॅनेजमेंट. फोटोशॉप कागदाच्या प्रोफाइलनुसार (त्या प्रिंटरवर, त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) रंग बदलून पाठवतं आणि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावर पुन्हा स्वतःची दुरुस्ती करतो. प्रिंटच्या खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा, प्रोफाइल नेमक्या त्याच प्रिंटरचं आणि त्याच कागदाचं द्या. मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन कलर करेक्शन बंद करा. लाइटरूममधून छापताना ‘मॅनेज्ड बाय प्रिंटर’च्या जागी कागदाचं प्रोफाइल निवडायचं, ड्रायव्हरमध्ये मात्र तेच: बंद. मीडिया टाइप (ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार) प्रोफाइलसोबतच्या सूचनेत असेल तोच ठेवा. शाई किती सोडायची हे त्यावर ठरतं, त्यामुळे तो बदलला की चांगलं प्रोफाइलही वाया.

खात्रीसाठी फोटो नकोच. नवी फाइल घ्या, तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोनांची पट्टी करा. प्रत्येक चौकोनात आर, जी आणि बी (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) सारखेच. काळ्या टोकाला ०, ५, १०, १५, २०, २५ असे जवळजवळचे आकडे ठेवा. त्याआधी नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबली आहेत का ते दाखवणारी चाचणी छपाई) काढा. एका शाईच्या रेघा तुटक असतील तर बाकीची चिकित्सा व्यर्थ आहे. पट्टी गुलाबी आली तर दोष छपाईच्या वाटेत, फोटोत नाही.

प्रतिसाद २

काळपटपणाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: ८५ टक्के. मॉनिटर भगभगीत असला की आपण नकळत फोटो गडद एडिट करतो. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरतो; १०० पासून सुरुवात करा. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटांची उजळता) २.२. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) लावण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा आणि ऑटो ब्राइटनेस, नाइट मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. नाहीतर आज मोजलेलं उद्या खोटं.

कॅलिब्रेटर नसेल तर कामचलाऊ उपाय: प्रिंट जिथे न्याहाळता त्या उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पांढरी खिडकी उघडा आणि स्क्रीन कागदाइतकीच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. रंग यानं सुधारणार नाही, काळपटपणा बराच जाईल.

आणि कॅमेऱ्यातलं ॲडोबी आरजीबी रॉ फाइलला लागूच होत नाही, फक्त जेपेगला. तिथे डोकं शिणवू नका.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत. निळ्याचं राहिलं. गर्द निळे रंग स्क्रीन दाखवू शकते, पण शाई आणि कागद तिथवर पोहोचत नाहीत. रूपांतरात ते जांभळ्याकडे सरकतात. सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसा येईल याची स्क्रीनवरची झलक) चालू करा, कागदाचं प्रोफाइल निवडा आणि परसेप्च्युअल व रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (कागदावर न मावणारे रंग बसवण्याच्या दोन पद्धती) आलटून पालटून पाहा. रिलेटिव्हसोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणं) हवंच, नाहीतर सावल्या पुन्हा बुजतील. मग व्हर्च्युअल कॉपी (लाइटरूममधली एडिटची वेगळी प्रत) करून फक्त निळ्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवा, ह्यू (रंगछटा) किंचित सियानकडे न्या. मूळ एडिट जसंच्या तसं राहू द्या.

लाइटरूममधून फोटोशॉपला फाइल १६ बिट प्रोफोटो आरजीबीत (खूप मोठ्या व्याप्तीची कलर स्पेस) पाठवा. प्रोफोटोसोबत ८ बिट नको, आकाशात पट्टे पडतात. बाहेरच्या लॅबला द्यायची असेल तर एसआरजीबी (सर्वत्र चालणारी, लहान कलर स्पेस), प्रोफाइल फाइलमध्येच एम्बेड करून.

मूळ प्रश्नकर्ता

ड्रायव्हरमधलं करेक्शन चालूच होतं. बंद केल्यावर पट्टी राखाडी आली. ब्राइटनेस कागदाशी जुळवून ३० टक्क्यांवर आणला. आता ० आणि ५ एकच दिसतात, १० वेगळा कळतो. पण संध्याकाळी तोच प्रिंट पिवळसर वाटतो, सकाळी नाही.

प्रतिसाद २

लस्टरवर १० वेगळा दिसतोय म्हणजे उत्तम. मॅट कागदावर १५ सुद्धा बुडू शकतो. पिवळेपणा दिव्याचा. साधारण २७०० केल्व्हिनच्या दिव्याखाली पांढरा कागदही पिवळाच. प्रिंट पाहायला ५००० केल्व्हिनचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वरचा दिवा घ्या, किंवा दिवसा खिडकीपाशी पाहा, थेट उन्हात नको. शिवाय कागदात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) असेल तर खिडकीतल्या अतिनील किरणांत तो निळसर चमकतो, दिव्याखाली ती चमक जाते; फरक त्यामुळेही वाढतो. प्रिंट ताजा असताना निकाल देऊ नका. एक रात्र वाळू द्या, मग पट्टी पुन्हा पाहा. भिंतीवर लावायचा असेल तर तिथल्या दिव्याखालीच शेवटची चाचणी करा, आणि गरज पडली तर व्हर्च्युअल कॉपीवर एक्स्पोजर पाव स्टॉप वाढवा.