कॅडमसनं दात पेरले, पण माणसं पाचच काहून उरली?

प्रश्न (मास्तर, दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. परवा सहावीच्या पोट्ट्यांना ग्रीक पुराणातल्या थीब्ज नगरीची गोष्ट सांगितली. हरवलेल्या बहिणीला, युरोपाला, शोधत कॅडमस डेल्फीच्या देवळात गेला. देववाणी झाली की शोध सोड, गाईच्या मागं जा, ती बसेल तिथं नगर वसव. इथवर सगळे खूश, निम्मे तर गुरं राखणारेच. मग त्यानं झऱ्यावरचा नाग मारला, त्याचे दात वावरात पेरावे तसे पेरले अन् हत्यारबंद माणसं उगवली, पण शेवटी पाचच उरली. एक पोरगी उठली, "सर, एवढं पेरून पाचच काहून?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर १
सर, कॅडमसनं त्यांच्यात दगड फेकला. ज्याला त्याला वाटलं, शेजाऱ्यानंच मारला. आपसातच कापाकापी झाली. उरले एकिऑन, उडेयस, क्थोनियस, हायपेरेनॉर अन् पेलोरस. शिवाय सगळे दात तिथं पेरलेच नव्हते. अथेना देवीनं अर्धे कोल्किसच्या राजाला दिले, तेच पुढं जेसन नावाच्या वीराला पेरावे लागले.

उत्तर २
मास्तर, पुढचंही सांगा. नाग युद्धदेव एरिसचा होता. त्यापायी कॅडमसला आठ वर्षं चाकरी करावी लागली, मग त्याच देवाच्या पोरीशी, हार्मोनियाशी लग्न. शेवटी दोघं नवरा-बायको नागच झाले. नागपंचमीला वावरात नांगर न घालणाऱ्या घरच्या पोरांना हे लगेच उमजेल.

मास्तर
ताई, भाऊ, उद्याच सांगतो. त्या पोरीच्या घरी औंदा दुबार पेरणी झाली. किती पेरलं, किती उगवलं, हेच ती रोज ऐकते.