लीडिंग लाईन्स म्हणून फोटो काढूलालोय, पण नजर कुठंच थांबंना, काय करू?

येळ्ळूरचा_पाऊस:
नमस्कार मंडळी, प्रश्न एकदम बेसिक आहे, हसू नका. मामाचा जुना डीएसएलआर मिळालाय, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येणारी), आणि तेव्हापासनं शिवारात, गल्लीत, मिळंल तिथं फोटो काढूलालोय. यूट्यूबवर सगळे एकच सांगतात की लीडिंग लाईन्स, म्हणजे नजर आत नेणाऱ्या रेषा, वापरा, रस्ता असूदे, कुंपण असूदे, कायपण चालतंय, फ्रेमच्या कोपऱ्यातनं रेषा सुरू करा की फोटो उठतोय. मी तेच करतोय की! आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडाचा रस्ता काढला, उसाच्या सऱ्या काढल्या, वडगावात ओळखीच्यांच्या मागावर जाऊन ताण्याचे (उभे) धागे काढले. रेषा ढीगभर आहेत पण फोटोत जीव न्हाई. मित्राला दाखवला तर "भारी" म्हणतोय आणि बोटानं पुढचा फोटो. सऱ्यांच्या फोटोत तर नजर डावीकडनं शिरते आणि उजवीकडनं भाईर जाते, मधी थांबायला काय न्हाईच. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध उभारायचं का बाजूला? कोपऱ्यातनंच सुरू करायला पाहिजे असा नियम आहे का? आणि गडावरनं खालचे भाताचे बांध काढले तर ते कुठं नेतच न्हाईत, नुसते पसरल्यात, मग ते वापरायचे कसे? फोटो खाली टाकलेत, बघून जरा सांगा की.

खडेबाजार_कट्टा:
भावा सोप्पंय, टिळकवाडीच्या रेल्वे गेटला जा, रुळावर मित्राला बसव, मागनं ऊन घे, पाचशे लाईक फिक्स 😄

निपाणी_फोटोवाला:
@खडेबाजार_कट्टा असले सल्ले देऊ नकोस बाबा, पोरं खरंच जातात. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं की सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि दंडाचं सोड, मागनं येणारी गाडी कळत नाही. रूळच पाहिजेत तर कपिलेश्वरच्या ओव्हरब्रिजवरनं, फुटपाथवर उभा राहून खाली बघून काढ, वरनं रूळ फाटे फुटताना जास्त चांगले दिसतात.

आता @येळ्ळूरचा_पाऊस, तुझे फोटो बघितले. एक्स्पोजर, फोकस सगळं ठीक आहे. भानगड वेगळीच आहे, रस्ता नेतोय खरा पण जिथं नेतोय तिथं कोणीच नाही. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो, रेषेच्या टोकाला काय आहे? माणूस, झाड, दावणीला बांधलेली म्हैस, काहीही चालेल, पण तिथं काहीतरी पाहिजे आणि ते बाकीच्यापेक्षा उजेडात नाहीतर अंधारात तरी पाहिजे. टोकाला काहीच नसेल तर रेषा जितकी जोरदार तितका फोटो जास्त रिकामा वाटतो, कारण तू बघणाऱ्याला हाताला धरून नेलंस आणि दारात कुलूप.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ही यूट्यूबवाले सांगतच नाहीत. जमीन सपाट असेल तर फोटोत क्षितिज कायम कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. तू उभा राहून डोळ्याला कॅमेरा लावलास की समोरचा माणूस जवळ असूदे नाहीतर लांब, क्षितिजाची रेषा त्याच्या डोळ्यांपाशीच येणार, म्हणजे बरोबर तोंडावरनं चिरत जाणार. तोच कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आण, क्षितिज त्याच्या गुडघ्याशी उतरतं आणि वरचा सगळा माणूस आभाळावर उठून दिसतो. तुझ्या सऱ्यांच्या तिसऱ्या फोटोत लांब एक मावशी भांगलताना दिसूलालेत, पण त्या मागच्या हिरव्यात मिसळून गेल्यात. सरीत बसून काढला असतास आणि त्या कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या त्या क्षणी बटण दाबलं असतंस तर सगळ्या सऱ्या त्यांच्या पायाशी गोळा झाल्या असत्या. मात्र हे ऊस लहान असतानाच, कांड्यावर आला की पुढचं काय दिसतंय!

लेन्सबद्दल. पुष्कळ जण म्हणतात वाईड लेन्सनं पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणं) वाढतो, खरं तर पर्स्पेक्टिव्ह तू कुठं उभा आहेस त्यावर ठरतो, लेन्स फक्त किती भाग घ्यायचा ते ठरवते. १८ वर जवळची माती सुद्धा फ्रेममध्ये येते म्हणून सरी पायाशी हातभर रुंद आणि पुढं बोटाएवढी होते, ओढ तयार होते. ५५ वर बांधावरनं लांबची शेतं काढलीस तर रेषा धावत नाहीत, एकमेकींवर चढून नुसते पट्टे होतात. तेही चांगलंच, पण मग त्यातनं वाट काढायची अपेक्षा ठेवू नकोस. गडावरनं तुझं तेच झालंय. पट्ट्यांचा फोटो म्हणूनच काढ, आभाळ पूर्ण कापून टाक आणि पट्टे मोडणारं एक काहीतरी शोध, एखादं खोप, नाहीतर चिखलणी करणारा ट्रॅक्टर.

आणि उजेड! दुपारी बारा वाजता सऱ्या काढल्यास तर रेषाच नसतात रे, फक्त माती. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन आडवं येतं, प्रत्येक वरंब्याची सावली शेजारच्या सरीत पडते, तेव्हा रेषा तयार होते. पाणी पाजलेल्या दिवशी उन्हाकडं तोंड करून उभा राहिलास तर सरीतलं पाणी चकाकतं आणि बाकीचं शिवार काळं पडतं. आमच्या निपाणी भागात तंबाखूच्या रानात पण असंच. कोपऱ्याचं म्हणशील तर उलट मी सांगीन बरोब्बर कोपऱ्यातनं नकोच, जरा बाजूनं येऊदे, कोपऱ्यात टेकलेली रेषा मुद्दाम बसवल्यासारखी दिसते.

शहापूर_साडी:
मागाच्या फोटोवर मी बोलते, आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय. तुम्ही समोरनं काढलाय, विणणारे काका मधी आणि धागे कापडाच्या मागं लपलेत, म्हणून गिचमिड वाटतंय. मागच्या अंगाला जा, बीमकडं (ताणा गुंडाळलेला रूळ), आणि धाग्यांच्या जरा वर कॅमेरा धरून तिरकं बघा, बीमपासनं फणीकडं जाणारे शेकडो धागे एका बाजूला निमुळते होत जाताना दिसतील. आता टोकाला काय, हा निपाणीच्या दादांचा प्रश्न. तर धागा तुटला की माग थांबवतात आणि काका मागच्या बाजूला येऊन वाकून तो सांधतात, तेव्हा काढा. हजार धागे सरळ आणि एकच धागा दोन बोटांत वर उचललेला, बघणाऱ्याला सांगावं लागत न्हाई कुठं बघायचं ते.

आणि तुमच्या दोन फोटोंत आडवे काळपट पट्टे आलेत ना, ते ट्यूबलाईटमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक जाईल. १/५० ला हात हलतो तर मागच्या भिंतीला टेकून उभे रहा. आणखी एक, माग चालू असताना कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवू नका, मनगटाला गुंडाळा. विचारून घ्या पण आधी, मागाच्या मागं जाणं सगळ्यांना आवडत न्हाई.

पाटी_पेन्सिल_खानापूर:
ताईंनी एक नंबर सांगितलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळं जरा वेगळ्या बाजूनं बोलतो. रेषा ही नेण्यासाठीच असते हे या नव्या व्हिडिओवाल्यांचं खूळ आहे. रेषा भाग पाडते, घेरते, वजन देते. आडवी असली की फोटो शांत होतो, तिरकी असली की अस्वस्थ, उभी असली की ताठ. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा एक प्रसिद्ध फोटो आहे, येर या गावातला. वरनं काढलाय, गोल फिरत खाली उतरणारा जिना, त्याचं लोखंडी कठडं, खाली वळणारा दगडी रस्ता आणि त्यावरनं सुसाट जाणारा एक सायकलवाला, जरा धूसर. नेटवर बघा. जिन्याच्या रेषा सायकलवाल्याकडं बाणासारख्या जात नाहीत, त्या त्याला वेढा घालतात. तो माणूस दोन हात मागं किंवा पुढं असता तर सगळा वेढा ढिला पडला असता. म्हणजे आधी रेषांची जागा पक्की करायची आणि मग त्यात कोण येतंय त्याची वाट बघायची. आपल्या गल्ल्या, आपले घाटाचे रस्ते, याला कमी नाहीत.

वळणदार रेषेचं बघायचं तर अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सचा १९४२चा स्नेक नदीचा फोटो काढून बघा. नदी पुढं चकाकत येते, वळते, लपते, पुन्हा दिसते आणि मग डोंगर. सरळ रस्ता एका झटक्यात संपतो, वळणाला वेळ लागतो. चोर्ला घाटात पावसाळ्यानंतर हेच मिळतं, फक्त गाडी वळणावर थांबवू नका.

आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, जैन मंदिर! १२०४ची, रट्टांच्या काळातली. सगळे बाहेरनं उभं राहून कॅमेरा वर करून काढतात, मग खांब वरच्या बाजूला आत झुकतात आणि देऊळ मागं पडतंय असं वाटतं. कॅमेरा वर तिरका केला की उभ्या रेषा आत येणारच. मागं सरका, कॅमेरा सरळ धरा, खालची जादा जमीन नंतर कापा. आत गेल्यावर मात्र उलटं करा. मधल्या छताला दगडी कमळ आहे, त्याच्या बरोबर खाली मोबाईल जमिनीवर उताणा ठेवा, सेल्फी कॅमेरा, दहा सेकंदाचा टायमर, आणि बाजूला व्हा. सगळ्या गोल रेषा मधे येऊन मिळतात. पुरातत्त्वची जागा आहे, ट्रायपॉड विचारल्याशिवाय लावू नका, मोबाईल जमिनीवर ठेवायला कोण काय म्हणत नाही.

निपाणी_फोटोवाला:
सर, आदर ठेवून बोलतो, वेढा घालणारी रेषा काय आणि नेणारी काय, शेवटी नजर माणसावरच गेली ना? नवीन पोराला एकदम पाच प्रकार सांगितले की ते गोंधळतं. आधी टोकाला काहीतरी ठेवायला शिकूदे.

पाटी_पेन्सिल_खानापूर:
नजर गेली, पण वाट कुठली होती? नवीन पोराला एकच प्रकार शिकवला की ते आयुष्यभर रस्तेच काढत बसतं. माझ्याकडं आलेल्या निम्म्या लग्नाच्या अल्बमांत नवरानवरी झाडांच्या रांगेच्या मधोमध उभी असतात, सांगा कोणी काढले 😄

निपाणी_फोटोवाला:
सर ते गिऱ्हाईक मागतंय हो, मी काय करू!

कॅम्पातला:
झाडांच्या रांगेवरनं आठवलं, कॅम्प भागात दोन्हीकडं झाडं असलेले सरळ रस्ते बघून मोह होणार, पण मिलिटरीच्या गेटाजवळ, भिंतीजवळ कॅमेरा काढू नको. मराठा रेजिमेंटचं सेंटर आहे तिथं, पहारेकरी पहिल्यांदा विचारेल, दुसऱ्यांदा विचारणार न्हाई. बोर्ड वाच.

आणि गोकाकला जाणार असशील तर झुलत्या पुलावर सोडत असतील तेव्हा मधोमध उभारून एक काढ. दोन्हीकडच्या केबली खाली वाकून पुन्हा वर जातात, मधोमध न उभारता जरा जरी सरकलास तर एक बाजू जड दिसते, त्यामुळं तिथं बाजूला उभारण्याचा प्रश्नच येत न्हाई. धबधबा ५२ मीटर सरळ खाली, तो लांबनं उभ्या फ्रेममधी काढ. गर्दीत पूल हलतो, शटर फास्ट ठेव.

येळ्ळूरचा_पाऊस:
आयला, एवढं कोण सांगत न्हाई. काल संध्याकाळी सरीत बसून एक काढलाय, आण्णा पाणी सोडायला उभारलेले, खरंच आभाळात आलेत. चिखलानं पँट गेली, आई बडबडली. पण अजून एक, क्षितिज तिरकं येतंय, कॅमेरा सरळ धरतोय असं वाटतंय पण घरी येऊन बघितलं की उजवीकडं उतार. आणि मोबाईलवर काढलेल्यात सूर्याभोवती धुरकट वर्तुळ कशानं येतंय?

शहापूर_साडी:
उतारासाठी डीएसएलआरच्या लाईव्ह व्ह्यूत ग्रिड चालू करा, आणि बटण दाबताना उजवा हात खाली दबतोय का बघा, बहुतेक तेच आहे. पायाखालचा बांधच तिरका असतो, डोळा त्यालाच सरळ धरतो, म्हणून लांबचं एखादं घर नाहीतर लाईटीचा खांब बघून जुळवा.

निपाणी_फोटोवाला:
आण्णांचा मस्त आलाय. फक्त उजव्या कडेला मोटारीच्या खोलीचा पत्रा शिरलाय तो काप, सगळ्या सऱ्या तिकडं ओढल्या जातात. आणि धुरकट वर्तुळाचं म्हणशील तर मोबाईलची लेन्स पूस रे, तेलाचं बोट लागलंय.