मदत हवी आहे: सीक्वेलाइझमध्ये चाइल्ड टेबलच्या तारखेवरून सॉर्ट केलं की पेजिनेशन चुकतं

सीक्वेलाइझ ६ (जावास्क्रिप्टमधून डेटाबेस हाताळणारी लायब्ररी), डेटाबेस पोस्टग्रेस. कस्टमर मॉडेलला हॅज-मेनीने (एका ग्राहकाची अनेक बिलं) बिल जोडलंय. ज्याचं बिल सगळ्यात ताजं तो ग्राहक वर, एका पानावर २० ग्राहक, अशी यादी हवी. ऑर्डरमध्ये बिल मॉडेल, बिल_डेट, डेस्क (DESC, म्हणजे उतरता क्रम) दिलं. लिमिट नसताना क्रम अचूक येतो. लिमिट २० टाकलं की एरर येत नाही, पण पहिल्या पानावर ग्राहकच भलते येतात. मॉडेलऐवजी सीक्वेलाइझ.कॉल (col, म्हणजे थेट कॉलमचं नाव) वापरलं तर ‘मिसिंग फ्रॉम-क्लॉज एंट्री’ ही एरर. सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) फॉल्स, म्हणजे बंद, केलं तर पानावर जेमतेम सहा-सात ग्राहक. काय करावं?

उत्तर

लॉगिंग चालू करून डेटाबेसला जाणारं एसक्यूएल बघा. हॅज-मेनी इन्क्लूड (जोडून आणलेलं मॉडेल) आणि लिमिट एकत्र आले की सीक्वेलाइझ आधी आतल्या सबक्वेरीत २० ग्राहक उचलतं आणि बिलं बाहेर जोडतं. तुमची मॉडेलवाली ऑर्डर फक्त बाहेर लागते, म्हणजे कसलाही क्रम न लावता उचललेले २० जण नंतर सॉर्ट होतात. एररपेक्षा हे घातक, कारण चूक दिसतच नाही. कॉल मात्र आतही जातं, तिथे बिल्स टेबल नसतं, म्हणून एरर. सबक्वेरी फॉल्समध्ये लिमिट जोडलेल्या ओळी मोजतं: एका ग्राहकाची आठ बिलं म्हणजे आठ ओळी गेल्या. तो पर्याय बिलाँग्ज-टू किंवा हॅज-वनपुरताच, म्हणजे जिथे जोडलेली ओळ एकच असते तिथेच ठेवा.

ऑर्डरच्या पहिल्या जागी सीक्वेलाइझ.लिटरल (जसंच्या तसं जाणारं एसक्यूएल) द्या. त्यात, कंसात, त्या ग्राहकाच्या बिलांमधून मॅक्स बिल_डेट काढणारी सिलेक्ट लिहा. ‘कस्टमर’ हे मॉडेलचं नाव दुहेरी अवतरणात हवंच, नाहीतर पोस्टग्रेस ते स्मॉल लेटर्समध्ये वाचतं आणि टेबल सापडत नाही. दिशा ‘डेस्क नल्स लास्ट’ द्या. नुसत्या डेस्कमध्ये पोस्टग्रेस नल (रिकामी किंमत) वर आणतं, म्हणजे एकही बिल नसलेले ग्राहक डोक्यावर बसतात. शेवटी आयडी जोडा. एकाच तारखेचे अनेक ग्राहक असले आणि आयडी नसला, तर एकच माणूस दोन पानांवर दिसू शकतो आणि दुसरा कुठेच दिसत नाही.

बिलांचा आपसातला क्रम हवा असेल तर इन्क्लूडमध्ये सेपरेट ट्रू करून (बिलं वेगळ्या क्वेरीने येतात) तिथे ऑर्डर द्या. सेपरेटशिवाय इन्क्लूडमधली ऑर्डर लागत नाही. कस्टमर_आयडी आणि बिल_डेटवर मिळून एक इंडेक्स करा, मॅक्स स्वस्तात निघेल.

आणि लिटरल एस्केप होत नाही, म्हणजे त्यातला घातक मजकूर निष्प्रभ केला जात नाही. युआरएलमधून आलेलं कॉलमचं नाव त्यात कधीही जोडू नका. ठरलेल्या नावांच्या यादीतूनच निवडा.

धागाकर्ता

चाललं, २० च्या २० आले. मनापासून आभार! तारीख सारखी असेल तर नावाने लावायचंय, नावं देवनागरीत आहेत. ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतंय.

उत्तर

युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. नावाचा कॉलम लिटरलमध्ये घेऊन पुढे कोलेट (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) ‘एमआर-एक्स-आयसीयू’ लिहा, हे नाव दुहेरी अवतरणात. आयसीयू या युनिकोड लायब्ररीसह बांधलेल्या पोस्टग्रेस १० पासून ते मिळतं. आयडी त्याच्याही नंतर.